हिगाशीमात्सुयामाचा तिखट मिसो आणि काडीवरची कोंबडी

तोक्योच्या इकेबुकुरो स्थानकावरून तोबू तोजो मार्गाची गाडी पकडली की साधारण तासाभरात हिगाशीमात्सुयामा येतं. सैतामा प्रांतातलं हे शांत, मध्यम आकाराचं शहर परदेशी पर्यटकांच्या यादीत सहसा नसतं. मी मात्र एक अख्खा दिवस त्याच्यासाठी राखून ठेवला होता. जपानात याकितोरीसाठी, म्हणजे काडीला लावून निखाऱ्यांवर भाजलेल्या मांसासाठी (मुळात कोंबडीच्या), सात गावं नावाजलेली आहेत: होक्काइदोतली बिबाई आणि मुरोरान, मग फुकुशिमा, हिगाशीमात्सुयामा, शिकोकू बेटावरचं इमाबारी, यामागुचीतलं नागातो आणि क्यूशूतलं कुरुमे. प्रत्येकाची रीत निराळी. इमाबारीत कोंबडी काडीला न लावताच लोखंडी तव्यावर वजनाखाली दाबून भाजतात. मुरोरानला डुकराचं मांस आणि कांदा काडीला लावून वर मोहरीची चटणी देतात. हिगाशीमात्सुयामाची ओळख म्हणजे गोडसर, झणझणीत मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचं वाटण). गोड-तिखटाची जोडी आपल्या जिभेला नवी नाही, म्हणून सातांतून मी हेच गाव निवडलं.

याकितोरीची दुकानं संध्याकाळी उघडतात, त्यामुळे दुपार मोकळी होती. ती शेजारच्या योशिमी गावातल्या ह्याकुआनात घालवली. मऊ खडकाच्या टेकडीत ओळींनी कोरलेली भोकं, एकूण २१९. महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला लांबून ही लेणीच वाटतात. प्रत्यक्षात ती सहाव्या-सातव्या शतकांतली थडगी आहेत. १८८७ साली त्सुबोई शोगोरो या तरुण संशोधकानं इथं उत्खनन केलं, तेव्हा आइनू या उत्तरेकडच्या मूळ रहिवाशांच्या लोककथांमधल्या बुटक्या माणसांची ही घरं असावीत, असं त्याचं मत होतं. ते पुढं मागं पडलं. १९२३ मध्ये ही टेकडी राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ झाली. एक-दोन भोकांत डोकावलं की हिरवट चमकणारं शेवाळ दिसतं. टेकडीच्या पायथ्याशी मात्र मोठाले बोगदे आहेत. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस विमानाच्या इंजिनांचे भाग जमिनीखाली तयार करण्यासाठी ते खोदले, आणि खोदायला हजारो कोरियन मजूर राबले. वरची थडगी बघून खाली आलेल्या प्रत्येकानं त्या बोगद्यांसमोर थोडा वेळ थांबावं, असं मला मनापासून वाटतं.

अंधार पडता पडता स्थानकाजवळच्या एका लहानशा दुकानात शिरले. लाकडी कट्टा, समोर मोजकी स्टुलं, कट्ट्यापलीकडे कोळशाची लांबोडकी शेगडी आणि तिच्यामागं उभे दुकानाचे मालक. त्यांना सगळे ‘ताईशो’ म्हणत होते. इथली याकितोरी कोंबडीची नसते. काडीला लागतो तो ‘काशिरा’, म्हणजे डुकराच्या गालाचं आणि कानशिलाजवळचं मांस. पूर्वी या तुकड्याला फारशी किंमत नव्हती. ते घट्ट असतं, चावायला लागतं, आणि चावेल तसा त्यातून रस सुटत जातो. दोन तुकड्यांच्या मधे ‘नेगी’, म्हणजे जाड, लांब दांड्याचा पातीचा कांदा. याच प्रांतातल्या फुकायाचा नेगी जपानभर प्रसिद्ध आहे; भाजला की आतून अगदी लोण्यासारखा मऊ होतो.

काडीवर मीठ सोडून बाकी काहीच नव्हतं. ती निखाऱ्यांवर भाजून माझ्या ताटलीत आली, आणि कट्ट्यावरचं मिसोचं मडकं ताईशोंनी माझ्याकडे सरकवलं. त्यात एक छोटा ब्रश. मांसावर आपण आपल्या हातानं मिसो फासायचा. पहिल्यांदा लागतो गोडवा, मग लसूण, आणि घास गिळून झाल्यावर मिरचीचा तिखटपणा हळूहळू घशात चढतो. प्रत्येक दुकानाचा मिसो वेगळा, आणि त्याची कृती कुणी सांगत नाही. युद्धानंतरच्या काळात कोरियन वंशाच्या एका दुकानदारानं आपल्या घरची तिखट चव जपानी मिसोत आणली आणि तीच पुढं गावाची झाली, असं इथं सांगतात. दुपारी पाहिलेले बोगदे त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढं होते.

या दुकानात वेगळी मागणी करावी लागत नाही. आधीची काडी संपत आली की पुढची येते, आपण ‘पुरे’ म्हणेपर्यंत. रिकाम्या काड्या पेल्यात जमतात आणि शेवटी त्याच मोजून हिशोब होतो. मी खात होते आणि ताईशोंचे हात बघत होते. मिसो एकदाही विस्तवाजवळ गेला नाही. मोडक्यातोडक्या जपानीत विचारलं, की हा लावून भाजत का नाही? त्यांनी ब्रशनं मिसोचा एक ठिपका शेगडीच्या गरम कडेवर टेकवला. तो बघता बघता काळा पडला आणि कडवट धूर आला. एवढंच उत्तर. ते पुरेसं होतं.

पण तोक्योत तर गोड सॉस लावून सर्रास भाजतात! ते कसं जमतं, हे बघायला दुसऱ्या दिवशी युराकुचोला गेले. १९१० साली बांधलेल्या रेल्वेच्या विटांच्या कमानी, कमानींखाली याकितोरीची दुकानं, आणि दर दोन मिनिटांनी डोक्यावरून धडधडत जाणाऱ्या गाड्या. शेगडीला लागून असलेली जागा मागून घेतली.

याकितोरीच्या शेगडीला जाळी नसते. दोन लोखंडी पट्ट्या समांतर असतात, काडीची दोन टोकं त्यांवर टेकतात आणि मांस निखाऱ्यांच्या वर अधांतरी राहतं. कशालाच चिकटत नाही. चांगल्या दुकानांत ‘बिन्चोतान’ हा कोळसा असतो. वाकायामाच्या बाजूला उबामे नावाच्या ओकच्या लाकडापासून तो करतात. भट्टीतून लालभडक असताना बाहेर काढून ओलसर राख-मातीखाली विझवतात. दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर धातूसारखा खणखणीत आवाज येतो. तो पेटायला वेळ घेतो, पण एकदा पेटला की ज्वाळा नाही, धूर नाहीसाच, नुसती एकसारखी धग. आच कमी वाटली की भाजणारा हातातल्या विंझण्यानं वारा घालतो, आणि चरबी ठिबकून ज्वाळा उठली की काडी पटकन बाजूला घेतो.

‘तारे’ हा सॉस म्हणजे सोया सॉस, मिरिन (स्वयंपाकाची गोड तांदळाची दारू), साके (तांदळाची दारू) आणि साखर आटवून केलेला. तो एका खोल भांड्यात असतो. काडी आधी कोरडीच भाजली जाते. मांस जवळजवळ शिजत आलं की तारेत पहिली बुडी, परत निखाऱ्यांवर. पृष्ठभाग सुकून किंचित फुगला की दुसरी बुडी, परत निखाऱ्यांवर. आणि ताटात जाण्याआधी शेवटची. दर खेपेला एक पातळ थर चढतो, भाजला जातो, त्यावर पुढचा बसतो. ती लालसर-तपकिरी चकाकी अशी थरांनी तयार होते. गरम मांसाची चरबी भांड्यात उतरते आणि तारेलाही चव येत जाते. म्हणून भांडं कधी पूर्ण रिकामं करत नाहीत, जुन्यात नवं घालत राहतात.

म्हणजे तोक्यो आणि हिगाशीमात्सुयामा दिसायला दोन टोकं असली तरी दोघांचा नियम एकच आहे. आधी मांस आणि विस्तव यांचं जमू द्यायचं, गोड त्यानंतर. आपण घरी तंदुरी किंवा कबाब करताना उलट वागतो: रात्रभर मसाल्यात मुरवतो आणि मगच आचेवर ठेवतो. दह्या-मसाल्याला ते शोभतं. साखरेला शोभत नाही. गोड सॉसमध्ये मुरवलेली कोंबडी निखाऱ्यावर ठेवली तर बाहेरून काळी आणि आतून कच्ची राहते. इंटरनेटवरच्या कित्येक कृतींत हेच सांगितलेलं असतं आणि ते मला अजिबात पटत नाही.

हे स्वतःच्या हातानं करून बघायचं होतंच. माझा दादा-वहिनी एदोगावा भागातल्या निशी-कासाईला राहतात. इथं भारतीयांची मोठी वस्ती आहे आणि संध्याकाळी रस्त्यावर मराठी सहज कानावर पडतं. जवळच कासाई रिंकाई हे समुद्राकाठचं उद्यान आहे, तिथं शेगडी पेटवायला वेगळी जागा ठेवलेली आहे. शनिवारचं ठरलं.

सामानासाठी कप्पाबाशीला गेले. आसाकुसा आणि उएनोच्या मधला हा रस्ता नुसता हॉटेलवाल्यांच्या भांड्याकुंड्यांचा, सुमारे ८०० मीटर लांब. काड्यांचेच इतके प्रकार, की निवडताना वेळ कसा गेला कळलं नाही. मागच्या टोकाला चपटी मूठ असलेल्या बांबूच्या काड्या घेतल्या, त्या शेगडीवर फिरत नाहीत आणि उलटायला सोप्या जातात. तिथून चालत आसाकुसाला, यागेनबोरीच्या दुकानात. १६२५ पासून हे लोक ‘शिचिमी’ विकतात. लाल मिरची, भाजलेली मिरची, सानशो, काळे तीळ, खसखस, भांगेच्या बिया आणि संत्र्याची वाळकी साल, असे जिन्नस समोर मांडलेले असतात आणि गिऱ्हाईक सांगेल तसं मिश्रण करून मिळतं. मी मिरची जास्त आणि सानशो भरपूर घ्यायला सांगितला. सानशो म्हणजे आपल्या कोकणातल्या तिरफळाचा सख्खा चुलत भाऊच. जिभेवर तीच मुंग्या आल्यासारखी झिणझिण. तिरफळ घातलेली बांगड्याची आमटी खाणाऱ्याला सानशोची ओळख करून द्यावी लागत नाही.

घरी सगळ्यात वेळ गेला तो काड्या भरण्यात. जपानी स्वयंपाक्यांत म्हण आहे, की काडी भरायला शिकायला तीन वर्षं आणि भाजायला शिकायला सारा जन्म. कोंबडीच्या मांडीचं, सालीसकट, हाड काढलेलं मांस घ्यायचं. तुकडे साधारण अडीच सेंटिमीटरचे; मुठीकडे थोडे लहान, टोकाकडे थोडे मोठे, कारण टोक निखाऱ्यांच्या मध्यावर येतं. काडी मांसाच्या धाग्यांना आडवी आणि तुकड्याच्या बरोबर मधून गेली पाहिजे, नाहीतर शिजल्यावर तुकडा गरगर फिरतो आणि एकच बाजू भाजत राहते. तुकडे एकमेकांना घट्ट चिकटवायचे. मधे बांबू दिसला, की तो तिथंच जळतो.

“अगं, निदान आलं-लसूण तरी लाव, नुसती पांढरी कोंबडी कशी लागेल?” वहिनी काळजीनं म्हणाल्या. मी म्हटलं, “वहिनी, आधी मीठसुद्धा भाजायच्या वेळीच लावायचं. तुम्ही फक्त बघा.” दादा कोळसा पेटवण्यात गुंतला होता, त्यानं वर मान करूनही पाहिलं नाही.

तारेसाठी १०० मिलिलिटर सोया सॉस, तेवढंच मिरिन, ५० मिलिलिटर साके, दोन मोठे चमचे साखर, आल्याच्या दोन चकत्या आणि नेगीची हिरवी पात. कोंबडीच्या पंखांची टोकं आधी खरपूस भाजून त्यात टाकली. दुकानातल्या जुन्या भांड्याची चव नवीन तारेत थोडी तरी यायची तर हाच उपाय. मंद आचेवर दोनतृतीयांश उरेपर्यंत आटवून गाळलं. तिखटासाठी उतरवताना अर्धा चमचा लाल तिखट. गरम असताना तारे पातळच वाटतो, गार झाला की चमच्याला धरतो.

हिगाशीमात्सुयामाच्या धर्तीचा मिसो वेगळा केला. १०० ग्रॅम पांढरा मिसो, दोन चमचे मिरिन, एक चमचा साखर, किसलेलं पाव सफरचंद, लसणाच्या तीन पाकळ्या वाटून, एक मोठा चमचा कोरियन गोचुजांग (आंबवलेल्या मिरचीचं वाटण) आणि थोडं तिळाचं तेल. हे सगळं मंद आचेवर पाच मिनिटं हलवत राहायचं, म्हणजे लसणाचा कच्चेपणा जातो. त्या दुकानातली चव वेगळी होती, पण जात तीच.

शनिवारी उद्यानात वारा होता, म्हणून विंझण्याचं काम निम्मं झालं. काड्यांवर मीठ भुरभुरवून पहिली खेप मांडली. कोंबडीची साल आधी आक्रसते, मग चरबी सुटते, मग ती स्वतःच्याच चरबीत कुरकुरीत होऊ लागते. दर अर्ध्या मिनिटाला काडी उलटायची. बाहेरचा रंग सोनेरी झाला आणि दाबल्यावर तुकडा घट्ट लागला, की तारेत बुडी. मग मात्र शेगडीवरून नजर हटवायची नाही. खरपूस आणि करपलेलं यांत अंतर असतं ते काही सेकंदांचंच. तीन बुड्यांनंतर वर शिचिमी. दुसऱ्या खेपेच्या काड्या नुसत्या मिठावर भाजल्या आणि मिसोचं वाडगं मधे ठेवलं.

पोरांनी तारेवाल्या संपवल्या. वहिनी मिसोच्या वाडग्याजवळून हलल्या नाहीत. “मांस मांसासारखं लागतंय गं,” असं म्हणून त्यांनी पुढची काडी स्वतः शेगडीवर ठेवली.

भारतात करणाऱ्यांसाठी थोडं. मिरिन मिळालं नाही तर १०० मिलिलिटरऐवजी ७० मिलिलिटर पाणी, दोन चमचे साखर आणि चमचाभर तांदळाचं व्हिनेगर चालतं. साकेच्या जागीही पाणीच घाला. नेगीसाठी पातीच्या कांद्याचे जाडात जाड पांढरे दांडे निवडा. गोचुजांग नसेल तर भिजवलेल्या ब्याडगी मिरचीचं वाटण घ्या, रंगही सुरेख येतो. आपला साधा कोळसा लवकर भडकतो, म्हणून तो पूर्ण पेटून वर पांढरी राख चढेपर्यंत थांबा आणि काड्या जरा उंचावर ठेवा. काडीच्या मोकळ्या टोकांखाली ॲल्युमिनियमच्या कागदाची घडी सरकवली की मुठी जळत नाहीत. कोंबडी बुडवून उरलेला तारे पुन्हा खळखळून उकळल्याशिवाय ठेवू नका. मिसो फ्रीजमध्ये पंधरा दिवस सहज राहतो, आणि भाजलेल्या वांग्याच्या जाड कापांवर तर तो कोंबडीपेक्षाही चांगला लागतो.