मुंगी घाट आणि गाडीत राहिलेलं पाणी

सोलापुरात राहणाऱ्या माणसाला चढ म्हणजे रेल्वेचा पूल. किल्ला आहे, पण तोही भुईकोट; तिकीट काढायचं आणि सपाट चालत आत जायचं. त्यामुळं गणपती उठल्यावरच्या रविवारी भाचा म्हणाला, "मामा, मुंगी घाट चढून शिखर शिंगणापूर करू," तेव्हा मी म्हणून गेलो, "त्यात काय एवढं." हे तीन शब्द मला पुढं दोन तास पुरले.

पंढरपूर, वेळापूर, माळशिरस, नातेपुते. माउलींच्या पालखीचा रस्ता आता इतका रुंद झालाय की गाडीत डुलकी लागते, आणि मला लागलीच. नातेपुत्यात चहा घेताना बेत ठरला. ही आणि मेहुणी गाडी घेऊन डांबरी रस्त्यानं वर देवळाशी जाणार, मी आणि भाचा कोथळ्याकडून घाट चढणार. "वरच भेटू की," असं म्हणून मी डिकीतली सॅक पाठीला मारली आणि दार लावलं. गाडी धुरळा उडवत गेली. पाण्याच्या सहा बाटल्या मागच्या सीटखाली होत्या.

हे मला कळलं अर्ध्या तासानं, आणि तोवर मोबाइलची रेंज गेलेली.

पायथ्याला उभं राहिलं की मुंगी हे नाव का पडलं ते कुणाला विचारावं लागत नाही. समोर काळ्या दगडाची उभी सोंड, मधेमधे बाभळी, बोरी, निवडुंग आणि घाणेरीचं रान. ज्यांना जंगल म्हटलं की सह्याद्रीतली गच्च सावली आठवते त्यांनी इकडं येऊ नये. हा दुष्काळी मुलुख. झाड सावली देतं ती पण मोजून. मात्र पावसानं गवत कमरेएवढं वाढलं होतं, आणि त्यातली कुसळं मोज्यात अशी घुसली की दर दहा पावलांना मला थांबायला सबब मिळत होती. भाच्याच्या मोबाइलनं खाली रेंज होती तेव्हा पंचवीस मिनिटं सांगितली होती. त्यानं ती श्रद्धेनं धरून ठेवली. चाळिसाव्या मिनिटालासुद्धा, "मामा, अजून पाचच मिनिटं."

तहान लागली की माणूस खायला बसतो, हा मूर्खपणाही मी केला. सॅकमध्ये काय होतं? कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. प्रवासाला सोलापूरकर दुसरं नेतोच कशाला. महिनाभर राहिलं तरी बिघडत नाही. पण कोरड्या तोंडात कडक भाकरीचा तुकडा म्हणजे कौलाचा तुकडा. त्यावर चटणी. घशात जे काही झालं त्याचं वर्णन करत नाही. भाचा बाजूला दगडावर बसून हसत होता आणि हसताना खोकत होता.

आणि तिथं बसल्या बसल्या मला माझीच लाज वाटायला लागली, कारण हा घाट आहेच मुळी पाण्यासाठी. चैत्र शुद्ध द्वादशीला इथनं कावडी चढतात. सासवडच्या तेल्या भुत्याची कावड मानाची. कऱ्हेचं पाणी खांद्यावर घेऊन ही माणसं चालत येतात आणि ह्याच सोंडेवरून ते वर महादेवाला नेतात. दोन टोकांना पाण्यानं भरलेली तांब्याची भांडी, वर उंच निशाणं, आणि खाली ठेवायला कुठं हातभर सपाट जागा नाही. वरच्यानं खालच्याला हात द्यायचा, त्यानं त्याच्या खालच्याला. माणसांची साखळी करून कावड सरकत जाते. "म्हाद्या, धाव!" म्हणून देवाला एकेरीत हाक मारतात. आमच्याकडं गड्ड्याच्या जत्रेत सिद्धेश्वराचे सात नंदीध्वज कमरेवर तोलून नेतात, त्यामुळं उंच काठीचा तोल म्हणजे काय ते मी लहानपणापासून बघत आलोय. पण ते सपाट रस्त्यावर. ती माणसं चैत्राच्या उन्हात खांद्यावर पाणी वाहून चढतात. आणि मी? सॅक उचलली, पाणी विसरलो.

"म्हाद्या, धाव रे," मी हळूच म्हणून बघितलं. भाचा म्हणाला, "काय बे मामा, खरंच बोलावतोय का काय?" (मामाला 'बे' म्हणतात का, हा वेगळा विषय. सोलापुरात देवालाही म्हणतील.)

महादेव आला नाही. वरच्या कड्याला शेरडं दिसली, आणि त्यांच्या मागं साठीच्या पुढची एक बाई. बोरीच्या बुडाशी तिचा गोडेतेलाचा पाच लिटरचा कॅन होता, ओल्या गोणपाटात गुंडाळलेला. आमची तोंडं बघून तिनंच विचारलं, "पावणं, पानी न्हाई व्हय?"

मी ओंजळ धरली. गोणपाटाचा वास असलेलं ते गार पाणी कोपरापर्यंत ओघळलं. ओघळलेलंही मी सोडलं नाही, शर्टाला तोंड पुसल्यासारखं करून चोखलं. दुसऱ्या ओंजळीला ती भाच्याला म्हणाली, "लई नगं पिऊस पोरा, चढताना प्वाटात गडगडतं." मला मात्र काही बोलली नाही. माझी तिसरी ओंजळ झाल्यावर मी विचारलं, पाणी कुठनं आणता? तिनं हनुवटीनं खाली दाखवलं. गावातनं. रोज सकाळी, डोक्यावर. संध्याकाळपर्यंत तेवढंच.

चौथी ओंजळ मी धरली नाही. फार उशिरा सुचलेलं शहाणपण होतं ते.

पैसे काढले तर ती चिडलीच. मग भाकरी दिली. तिनं ती बोटांनी मोडून आवाज ऐकला, "ह्यो पापड म्हनावा का भाकर?" चटणी चाखून मात्र मान हलवली आणि अख्खी पुडी पदराच्या गाठीला बांधली.

वरच्या धारेवर पोचलो तेव्हा दोन तास झाले होते. मागं वळून बघितलं आणि पहिल्यांदा कळलं आपण काय चढलोय. खाली माळशिरस तालुका पसरलेला, उसाचे हिरवे चौकोन, पत्र्यांची चमक, आणि आपण आलो ती वाट गवतात पार बुजलेली. पाय आत्तापर्यंत सोलापूर जिल्ह्यात होते, देऊळ सातारा जिल्ह्यात. फोटो काढायचं भान मला राहिलं नाही. भाच्यानं काढले, त्या सगळ्यांत मी बसलेला आहे.

देवळाबद्दल थोडकंच. दीपमाळा, दगडी पायऱ्या, गाभाऱ्यात गारवा, बाहेर प्लॅस्टिक. भोसले घराण्याचं हे कुलदैवत, आणि इथलं तळं मालोजीराजांनी बांधलं. यात्रेकरूंचे पाण्यावाचून हाल होतात म्हणून. चारशे वर्षांपूर्वी त्या माणसाला जे सुचलं ते मला नातेपुत्यात सुचलं नव्हतं.

गाडी सावलीत उभी होती. ही दार उघडं टाकून चिवडा खात बसलेली. मी न बोलता सीटखाली हात घातला. एकच बाटली.

"बाकीच्या?"

"सांगोल्याकडची म्हातारी माणसं आली होती दर्शनाला, त्यांना दिल्या. म्हटलं तुमच्याकडं असंलच की."