घरं दाखवायला लायसन कशाला?

“ताई, घरं तर दाखवायची. त्याला कसली परीक्षा आणि कसलं लायसन?” मी सांगलीत घरांची एजंट आहे. विश्रामबागेतल्या माझ्या टेबलामागं रेराचं, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या कायद्याखालच्या नोंदणीचं प्रमाणपत्र लावलंय. ते बघून हा प्रश्न हमखास येतो. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

रीत सोपी आहे. २० तासांचं प्रशिक्षण घ्यायचं, मग संगणकावर परीक्षा द्यायची. ती मराठीतून देता येते, मी मराठीतूनच दिली. १ जानेवारी २०२४ पासून हे पास झाल्याचं प्रमाणपत्र असल्याशिवाय महारेरा, म्हणजे हा कायदा राबवणारं राज्याचं प्राधिकरण, एजंटची नोंदणी करत नाही. नोंदणी ५ वर्षांची असते. नोंदणीचा नंबर नसताना महारेराकडं नोंदलेल्या प्रकल्पातला फ्लॅट विकून दिला तर दिवसाला १० हजार रुपये दंड, तो वाढत वाढत फ्लॅटच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत जातो. झालं एवढंच.

पण मी ही परीक्षा दिली ती दंडाच्या भीतीनं नाही.

नोंदणीच्या आधी बरीच वर्षं मी तोंडी व्यवहारावरच धंदा केला. तेव्हा मार्केट यार्डात हळदीची पोती उचलणाऱ्या एका हमालाला मी गुंठेवारीतला, म्हणजे शेतजमिनीचे तुकडे पाडून विकतात तसला, दोन गुंठ्यांचा प्लॉट मिळवून दिला. सातबारा मी उघडूनही बघितला नव्हता. मालक ओळखीचा, नोटरीचा कागद झाला, दलाली मिळाली. चार वर्षांनी तो बांधकामाच्या कर्जासाठी बँकेत गेला तेव्हा कळलं, उताऱ्यावर अकरा नावं आहेत, जमीन सामाईक आहे. तो माझ्याकडं आला. भांडला नाही. दुधाच्या रिकाम्या पिशवीत घडी करून ठेवलेला तो कागद काढला, टेबलावर हातानं सपाट केला आणि म्हणाला, “ताई, तुमी चांगला हाय म्हणाला म्हणून घेतला.”

दलाली मी परत केली. त्याचे चार लाख अडकले ते अडकलेच.

आता खरं सांगायचं तर असल्या प्लॉटला आजही माझं लायसन लागू होत नाही. ते नोंदणीकृत प्रकल्पांपुरतं आहे, आणि आमच्या सांगलीत गुंठेवारी आणि जुन्या फ्लॅटची विक्री भरपूर. पण प्रशिक्षणात रेरा कायद्याचं १० वं कलम शिकवलं. एजंटनं खोटी माहिती द्यायची नाही, आणि गिऱ्हाइकाला बुकिंगच्या वेळी त्याच्या हक्काची सगळी कागदपत्रं मिळतील हे बघायचं. वर्गात ते ऐकताना माझ्या डोळ्यांपुढं तो सुरकुतलेला कागद होता. त्या दिवसापासून प्रकल्प नोंदलेला असो नसो, आधी उतारा, मग जागा. उताऱ्यात ‘इतर हक्क’ हा रकाना मी गिऱ्हाइकाला स्वतः मोठ्यानं वाचायला लावते. कर्जाबिर्जाचा बोजा असला तर तिथंच दिसतो.

आणि सांगलीत एक प्रश्न कागदावर नसतो: “इथं पुराचं पाणी येतं का?” पूर्वी मी बेधडक म्हणायचे, “छे, इथपर्यंत कधीच नाही.” आता ते १० वं कलम मी पाण्यालाही लावते. गेल्या पावसाळ्यात एक निवृत्त गुरुजी तळमजल्यावरचा फ्लॅट बघायला आले होते. घर नुकतंच रंगवलेलं, फरशी लखलखीत. गुरुजींना तर आवडलंच होतं. मी त्यांना मागच्या बाजूला नेलं. तिथं जिन्याखालच्या भिंतीला रंग दिलेला नव्हता आणि २०१९ च्या महापुराची मातकट रेघ तशीच होती. गुरुजींच्या छातीपाशी आली. शेजारच्या काकूंना हाक मारली, तर त्या म्हणाल्या, “२००५ लाबी आलतं की.”

मालक माझ्यावर चिडला, व्यवहार मोडला. गुरुजी मात्र स्कूटरला किक मारता मारता म्हणाले, “दुसऱ्या मजल्यावर काही असलं तर कळवा. उतारा घेऊनच या.”