देवळाबाहेरच्या चपला आणि जमिनीखालचे इलेक्ट्रॉन

जिनिव्हाला आल्यापासून दर रविवारी अप्पांचा फोन असतो. हरिपुरात हळद साठवायच्या पेवांशेजारी वाढलेला माणूस; त्या जमिनीखालच्या खड्ड्यांतली हवा कोंदलेली असते. आमचा अ‍ॅलिस डिटेक्टर, म्हणजे कणांच्या टकरी टिपणारं सर्न प्रयोगशाळेतलं अवाढव्य यंत्र, फ्रान्सच्या हद्दीत जमिनीखाली ५६ मीटरवर आहे म्हटल्यावर त्यांनी पहिलं विचारलं, "उतरायच्या आधी आतली हवा बघतात ना गं?"

तिथं शोधता काय, हे सांगायला मात्र मला दोन हिवाळे लागले.

२७ किलोमीटरच्या बोगद्यात शिशाची अणुकेंद्रकं जवळपास प्रकाशाच्या वेगानं एकमेकांवर आदळतात. क्षणभर क्वार्क-ग्लुऑनचा, म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या आतल्या घटकांचा, रस तयार होतो, सूर्याच्या गाभ्यापेक्षा लाखपट तापलेला. बाहेर येणारे बहुतेक कण त्यात धक्के खात येतात, सुरुवातीची खूण पुसली जाते. इलेक्ट्रॉन आणि त्याचा धनभारित जोडीदार पॉझिट्रॉन यांना तिथलं तीव्र बल, म्हणजे क्वार्कांना एकत्र बांधणारं बल, जाणवतच नाही, म्हणून ते आतली खबर जशीच्या तशी आणतात. दोघांचे संवेग मोजले की जोडी ज्यातून जन्मली त्याचं वस्तुमान कळतं. १९७४ साली अमेरिकेतल्या ब्रूकहेवन प्रयोगशाळेत भौतिकशास्त्रज्ञ सॅम्युएल टिंग यांच्या गटाला अशाच जोड्यांच्या वस्तुमानाच्या आलेखात ३.१ जीईव्हीजवळ (कणांचं वस्तुमान मोजायचं एकक) एक टोकदार शिखर दिसलं होतं. तो एक नवाच कण निघाला.

अडचण आहे ती गर्दीची. एका टकरीत इतके इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन की कोण कुणाचा जोडीदार, कळायला मार्ग नाही. शेवटी मी म्हटलं, "अप्पा, संकष्टीला गणपतीच्या देवळाबाहेर चपलांचा ढीग असतो ना? डोळे मिटून दोन-दोन उचला. डावी-उजवी आली म्हणजे ती एकाच माणसाची, असं नाही. पण डावी-डावी आली तर ती जोडी खोटी, हे नक्की. डाव्या-डाव्या आणि उजव्या-उजव्या मिळून जेवढ्या निघतील, साधारण तेवढ्याच डाव्या-उजव्याही खोट्या असणार. त्या वजा करायच्या."

आम्ही ऋण-ऋण आणि धन-धन जोड्या मोजून नेमकं हेच करतो. वजाबाकीनंतर उरतं ते चिमूटभर, आणि ते चिमूटभर मला फार प्रिय आहे.

तेही लगेच खरं मानायचं नसतं. मार्चमध्ये माझ्या आलेखात एक सुंदर उंचवटा आला. तीन दिवस मला झोप नव्हती. तपासल्यावर कळलं, प्रकाशाचे कण, म्हणजे फोटॉन, आमच्या डिटेक्टरच्याच साहित्यावर आपटून त्यांच्या इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन जोड्या झाल्या होत्या. अशी जोडी चुंबकीय क्षेत्राला काटकोनातल्या पातळीतच फाकते, त्यावरून ती ओळखू येते. उंचवटा पुसताना वाईट वाटलंच.

परवाच्या संकष्टीला फोन देवळातून आला. मागं घंटा वाजत होती. "चपलांपाशीच उभा आहे," अप्पा म्हणाले. "पण एकाचीच एक चप्पल कुत्र्यानं पळवली असेल तर? उरलेली भलत्याच जोडीत जाणार की."

बरोबर आहे. आमच्याकडेही एक जोडीदार निसटतो, उरलेला दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात पडतो, आणि खोट्या जोड्यांचा मोठा वाटा असाच तयार होतो. किती निसटतात, हे काढायचं काम सध्या माझ्याकडे आहे.