आधी पाण्याची वाट, मग रोपं

आज ऐरोलीला खाडीकिनारी सफाईला गेलो होतो. गुडघाभर चिखल, त्यातून पेन्सिलीसारखी वर आलेली तिवरांची श्वासमुळं आणि त्यांना गुंडाळलेल्या दुधाच्या पिशव्या. पिशवी खसकन ओढली तर मूळच मोडतं, हळूहळू सोडवावी लागते. शेजारून एक निवटी (चिखलात उड्या मारणारा छोटा मासा) टुणकन उडाली, बरं वाटलं! बरोबरचे कोळीकाका म्हणाले, "पूर्वी इथं जिताडा गावायचा, आता जाळ्यात प्लास्टिकच."

२०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता मिळाली, झकास. पण रोपं लावली की तिवरांचं जंगल, म्हणजे कांदळवन परत आलं, असं आपल्याला उगाच वाटतं (फोटोही छान येतात). राडारोडा टाकून भरतीची वाट बुजवली की आत पाणी साचतं, श्वासमुळं बुडतात, उभी झाडं वाळतात. तिथं रोप काय जगणार? तोच भराव उपसला आणि जवळ जुनी झाडं असली, तर भरतीबरोबर बिया आपसूक येऊन रुजतात. थोडक्यात, फावड्याआधी जेसीबी.

पुढच्या रविवारी ओहोटी दुपारची आहे. येणाऱ्यांनी गमबूट आणा, चपला चिखलातच राहतात.