वाड्यात बाथरूम कुठे बसवायचं? माझ्या पीएच.डी.चा अनुभव

पीएच.डी.ला विषय काय घेतलाय, असं कुणी विचारलं की आधी मी "जुन्या नाशकातल्या वाड्यांचं बांधकाम-तंत्र आणि यात्रेकरूंचा निवास" असं भारदस्त उत्तर द्यायचे. पुढे पुढे सरळ सांगायला लागले: वाड्यात बाथरूम कुठे बसवायचं, हा विषय. लोक हसायचे. नातेवाईक तर अजूनही हसतात. पण सगळा प्रबंध खरोखरच त्या एका प्रश्नाभोवती उभा आहे.

मी आर्किटेक्ट, इथल्याच एका कॉलेजात शिकवते. पदोन्नतीसाठी पीएच.डी. लागते, हे पहिलं कारण. ज्ञानाची तहान वगैरे उगाच म्हणत नाही. प्रवेश परीक्षा सुटली, मुलाखतीत मात्र घाम फुटला. समोर सिव्हिलचे एक सर आणि पर्यटन व्यवस्थापनाच्या एक मॅडम. सर म्हणाले, "यात स्ट्रक्चर कुठंय? हा तर टुरिझमचा विषय." मॅडम म्हणाल्या, "पाहुणचार म्हणताय आणि दाखवताय तुळयांचे नकाशे!" शेवटी मार्गदर्शक आर्किटेक्चरचे आणि सहमार्गदर्शक हॉटेल मॅनेजमेंटच्या, अशी वाट निघाली. दोन शाखांच्या सांध्यावरचा विषय घेणार असाल तर सहमार्गदर्शक पहिल्याच अर्जात मागून घ्या. नियमात तशी सोय आहे, पण आपण होऊन कुणी देत नाही. मग कोर्सवर्कची १२ क्रेडिट्स. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

नाशिकला येणारा माणूस पूर्वी हॉटेलात उतरत नव्हता. रामकुंडावर अस्थिविसर्जन, श्राद्ध, सिंहस्थाचं स्नान यासाठी आलेलं कुटुंब आपल्या तीर्थोपाध्यायांकडे उतरायचं. गुरुजींच्या वह्यांत त्या घराण्याच्या पिढ्या लिहिलेल्या असायच्या, अजूनही असतात. ज्यांना तशी ओळख नसे त्यांच्यासाठी धर्मशाळा. गाडगे महाराजांनी इथे बांधलेली सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे पंचवटीतले आणि जुन्या गावातले कितीतरी वाडे हे घर आणि मुक्कामाची जागा, दोन्ही होते. मला एवढंच बघायचं होतं की हे त्यांच्या बांधणीत दिसतं का, आणि आज तिथे पाहुणा ठेवायचा तर बांधणी काय म्हणते.

हे बघायला वाडा मोजावा लागतो, आणि राहता वाडा मोजणं म्हणजे आधी माणसांची परवानगी काढणं. भद्रकालीच्या अंगाला एक दोनचौकी वाडा आहे. एका माजी विद्यार्थिनीच्या ओळखीने तिथे गेले. आजी ओसरीवर निवडण घेऊन बसल्या होत्या. माझ्या हातातला लेझर मीटर बघून म्हणाल्या, "बिल्डरनं पाठवलंय का गं तुला?" त्यांचा संशय रास्त होता. अर्ध्या वाड्यात भाडेकरू, भाडं नावाला, मालकी चुलत्यांत वाटलेली, आणि दर पावसाळ्याआधी दारावर धोकादायक इमारतीची नोटीस. अशा घरी मापं घ्यायला येणारा माणूस सहसा चांगली बातमी आणत नाही. मी विद्यापीठाचं पत्र दाखवलं, त्यांनी ते बाजूला ठेवलं. माझं माहेर कुठलं, सासर कुठलं हे विचारून झालं, चहा झाला, आणि मग म्हणाल्या, "दुपारची येत जा. सकाळी पूजा असते, आणि दिवेलागणीला घरात टेप फिरवायची नाही."

मापं घेता घेता आजी बोलायच्या, तेच माझ्या सगळ्यात जास्त उपयोगी पडलं. "आमच्याकडे खानदेशातले यजमान यायचे. माडीवर सतरंज्या घालायच्या. आंघोळ गंगेवर. घरात यायचं ते ओलेत्यानं, आणि पाय धुवायचे ते तिथं, मोरीवर." यजमान म्हणजे धर्मकार्यासाठी येणारी कुटुंबं, आणि गंगा म्हणजे इथे गोदावरी. मोरी मागच्या चौकात, आडाला लागून, काळ्या दगडी फरशीची. मी नकाशावर जिथे जिथे पाणी आहे तिथे निळा रंग भरला आणि चित्र स्पष्ट झालं. आड, मोरी, पन्हाळीखालची जागा, सगळं जोत्याच्या पातळीवर, दगडावर. वर विटा, माती, चुना, सागवान. तिथे पाण्याचा थेंब नाही. पाणी खाली ठेवायचं आणि लाकूड वर, या हिशेबावर तो वाडा इतकी वर्षं उभा होता. पाहुण्यांची सोय बिनधास्त माडीवर करता येत होती, कारण त्यांची आंघोळ गोदावरी सांभाळत होती.

आता त्याच माडीवर अटॅच्ड बाथरूम. आजींच्या मुलाने सून आल्यावर एक करून घेतलं होतं. कडीपाटाच्या तक्तपोशीवर, म्हणजे लाकडी कड्यांवर बसवलेल्या फळ्यांवर, मातीचा थर, त्यावर कोबा, टाइल्स, पाणी जायला नहाणी ट्रॅप. वरून चकाचक. खाली माजघरात स्टुलावर चढून मी तुळईला टोच्या लावला. भिंतीत शिरणाऱ्या टोकाशी तो बोटभर आत गेला. लाकूड चहात भिजलेल्या बिस्किटासारखं. हातभर अलीकडे तेच सागवान इतकं टणक की टोच्याचं टोक सरकत होतं. ओल मोजायच्या मीटरने टोकाशी तिशीच्या वर आकडा दाखवला, मधोमध १३. लाकडातली ओल साधारण २० टक्क्यांच्या आत असेल तर बुरशी धरत नाही, त्यामुळे निदान सोपं होतं. माझ्याबरोबर आलेले सुतार मिस्त्री म्हणाले, "मॅडम, लाकूड मधून नाही मरत, टोकातून मरतं. तिथून ते पाणी पितं." पुस्तकात हेच आडव्या-उभ्या रेषांच्या आकृत्या काढून दिलेलं असतं.

भिंतीची गोष्ट वेगळी नव्हती. बाथरूमच्या बाहेरून सिमेंटचा गिलावा मारला होता. चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडतेही. सिमेंटने ती सोडण्याची वाट बंद होते. मग ओल आत वर चढते, लोणा (क्षारांचा पांढरा थर) लागतो, पोपडे निघतात, घरातले लोक आणखी सिमेंट मारतात. आणि ओल सरकत सरकत शेवटी जाते कुठे, तर तुळईच्या टोकाशी.

दुसऱ्या बाजूने पाहुण्यांशी बोलायचं होतं. नाशिकला दोन प्रकारची माणसं येतात. एक गंगापूर धरणाच्या अंगाला, द्राक्षबागा आणि वायनरीच्या बाजूला. सुला वायनरीने १९९९ साली सुरुवात केल्यापासून ती वाट तयार झाली. त्यांना वाडा बघायचा असतो, राहायचं असतं रिसॉर्टला. मला त्यांच्याकडून फार काही मिळालं नाही. दुसरी माणसं पंचवटीत उतरणारी. त्यांना मी विचारलं, खोलीत काय हवं? पहाटे गरम पाणी, म्हाताऱ्या माणसासाठी तळमजला, दाराला नीट कडी. आणि ओले कपडे वाळत घालायला जागा! हे माझ्या प्रश्नावलीत नव्हतंच. लॉजच्या खोल्यांत डोकावले तर पंख्यावर धोतर, एसीवर पंचा, खिडकीच्या गजांना नऊवारी. वाड्याच्या चौकात या कामासाठी दांड्या असतात. लॉज बांधणाऱ्याला ते सुचलं नाही, आणि पर्यटनखात्यांच्या तपासणी-याद्यांत खोलीला जोडून बाथरूम आहे का हा रकाना असतो, दांडीचा नसतो.

संशोधन सल्लागार समितीपुढे दर सहा महिन्यांनी हे मांडायचं. एकाने विचारायचं, "सॅम्पल साइझ किती?" दुसऱ्याने, "भाराची गणितं कुठंयत?" मी दोन्ही पुरवत गेले. मांडणीत मात्र एकच रेघ धरली: पाणी परत लाकडापासून बाजूला काढा. परसात वेगळी चौकट उभारायची, हलक्या लोखंडाची, जुन्या भिंतीपासून वीतभर सुटी. त्यात एकावर एक बाथरूमं, पाइप बाहेरून, आणि माडीवरून तिथे जायला सज्जा. पाहुण्याला दहा पावलं चालावं लागतं. ज्यांना मी हे आराखडे दाखवले त्यांतल्या यात्रेकरूंना त्यात काही वावगं वाटलं नाही, हॉटेलवाल्यांना वाटलं.

एक गोष्ट गोदाकाठी काम करणाऱ्यांसाठी सांगते. परस नदीच्या अंगाला असेल तर आधी पूररेषा बघा: निळी नेहमीच्या पुराची, लाल मोठ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नवीन बांधकामाला परवानगी मिळत नाही, निळ्या आणि लाल रेषांच्या मध्ये अटी आहेत. २००८ आणि २०१९चे पूर पाहिलेल्यांना कारण सांगायला नको. इथे पूर मीटरमध्ये मोजत नाहीत, रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी आलं ते विचारतात. माझा एक चांगला नमुना-वाडा याच कारणाने प्रबंधातून गळला.

शेवटचा टप्पा कागदांचा. साम्य तपासणीत, म्हणजे मजकूर दुसरीकडून उचललेला नाही ना हे बघतात त्यात, १० टक्क्यांच्या आत राहायचं असतं. तांत्रिक वर्णनांची वाक्यं सगळ्यांचीच सारखी, तिथे वाढतं. ती पुन्हा लिहिली. मौखिक परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी बाथरूमबद्दल एक शब्द विचारला नाही. त्यांनी जिन्यावर बोट ठेवलं. भिंतीच्या पोटातला अरुंद, अंधारा जिना, वर झडप. "आग लागली तर माडीवरची माणसं उतरणार कुठून?" मी परसातल्या लोखंडी चौकटीच्या छेदाचा नकाशा उघडला, तिला बाहेरून दुसरा जिना दाखवलेला होता. "मग हा मुद्दा पहिल्या प्रकरणात घ्या, परिशिष्टात कशाला लपवलाय?" तेवढा बदल करून प्रत शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, गेली.

आता २०२६-२७चा सिंहस्थ म्हणून वाड्यांचे मालक फोन करतात. खोल्या किती निघतील, भाडं किती येईल, झुंबर कुठलं लावू. मी त्यांना गल्लीतल्या ड्रेनेजच्या चेंबरचा फोटो पाठवायला सांगते, आणि परसाची मापं. निम्मे जण पाठवतात.