खेट्याचा रविवार आणि सतरा हजार सहाशे रुपये

“ताई, एका गाण्याचं किती घेतासा?” कोल्हापुरात शिवाजी पेठेतील एका तालमीच्या वरच्या मजल्यावर, मंडळाच्या खोलीत बसल्या बसल्या मला हा प्रश्न विचारला गेला. मंडळातील एका भजनी गायकाने जोतिबावर गाणे लिहून ध्वनिमुद्रित करून घेतले होते आणि त्याचा व्हिडिओ त्यांना हवा होता. गाण्यांचे व्हिडिओ करण्याचे काम मी तेव्हा नुकतेच स्वतंत्रपणे सुरू केले होते, त्यामुळे आकडा सांगून टाकावा आणि काम पदरात पाडून घ्यावे असा मोह होणे स्वाभाविक होते. मी आकडा सांगितला नाही. व्हिडिओत काय काय दिसायला हवे, ते आधी विचारले.

गाणे चार मिनिटांचे आहे, यावरून त्याची किंमत ठरत नाही. गायक एका जागी उभा राहून गाणार असेल तर चार मिनिटांचे काम अर्ध्या दिवसात होते आणि सासनकाठ्या (देवाच्या नावाने मिरवतात त्या उंच, सजवलेल्या काठ्या), पालखी, डोंगराची चढण व गर्दी हवी असेल तर तेच गाणे आठवडा खाते. मंडळींना हे सगळे हवे होते, शिवाय चैत्र यात्रेच्या दिवशीचा गुलालही हवा होता.

मी वही काढून त्यांच्यासमोरच हिशेब मांडला. घरखर्च, पेट्रोल, इंटरनेट, संकलनाचे सॉफ्टवेअर आणि पुढे स्वतःचा कॅमेरा घेण्यासाठी बाजूला टाकायची रक्कम मिळून मला महिन्याला तीस हजार रुपये लागतात. महिन्यातले प्रत्यक्ष पैसे मिळवून देणारे दिवस मी दहाच धरते, कारण उरलेले दिवस भेटीगाठी, चौकश्या आणि चित्रणाच्या प्रती जपून ठेवणे यांत जातात. म्हणून माझ्या एका दिवसाची मजुरी तीन हजार. जागा पाहण्याचा एक दिवस, चित्रीकरणाचे दोन आणि संकलन व रंगसंस्काराचे, म्हणजे दृश्यांचे रंग जुळवण्याचे, चार अशा सात दिवसांचे एकवीस हजार झाले. कॅमेरा व लेन्सचे दोन दिवसांचे भाडे पाच हजार, मदतनिसाचे तीन हजार, प्रवास आणि जेवण दोन हजार, म्हणजे एकतीस हजार. त्यावर अडीअडचणीसाठी दहा टक्के धरले की ३४,१०० रुपये.

खोलीत शांतता पसरली. मंडळाने पट्टी काढून अठरा हजार जमवले होते, हे मला तेव्हा कळले. गायकाचा पुतण्या म्हणाला, “राजारामपुरीतला एक जण आठ हजारांत करून देतोय.” त्या माणसाचे काम मी पाहिले नव्हते, म्हणून त्याच्याविषयी मी काहीच बोलले नाही. एवढेच विचारले की, त्या आठ हजारांत संकलनाचे किती दिवस धरले आहेत आणि बदल किती वेळा करून मिळणार आहेत. उत्तर कोणालाच ठाऊक नव्हते. तेव्हा कोपऱ्यात बसलेले एक आजोबा बोलले. तरुणपणी ते पन्हाळ्यावरच्या चित्रीकरणात रिफ्लेक्टर, म्हणजे प्रकाश वळवणारा फलक, धरायला जात असत. “शूटिंग दोन दिवसांचं दिसतंय, पण कात्री लावायला बसलं की आठवडा जातोय, हे मी बघितलंय,” असे त्यांनी पुतण्याला सांगितले. मूकपटांच्या काळात इथे सिनेमे काढणाऱ्या बाबूराव पेंटरांच्या या गावात असा जाणता माणूस कुठेही भेटतो आणि नवख्या माणसाला त्याचा फार मोठा आधार वाटतो.

भाव उतरवायचा नाही, काम आटोपशीर करायचे, असे मी सुचवले. माघातल्या रविवारी कोल्हापूरहून हजारो भाविक पायी जोतिबाचे खेटे घालतात. अशा एका रविवारी पहाटेपासून गायकासोबत चालत चित्रण केले तर वाट, चढण, गर्दी आणि उजाडतानाचा प्रकाश हे सारे एकाच दिवसात मिळते. यात्रेतल्या गुलालाचा प्रश्नही त्यामुळे सुटतो. तो गुलाल धुक्यासारखा दाटतो आणि लेन्स बदलताना तो आत गेला, तर भाड्याच्या कॅमेऱ्याच्या सेन्सरची सफाई माझ्या अनामत रकमेतून होते. यात्रेतले दृश्य हवेच असेल तर त्याचे वेगळे पैसे पडतील, हे मी स्पष्ट केले. वाट माझ्या पायाखालची होती, म्हणून जागा पाहण्याचा दिवस वगळला; गाडी आणि जेवण मंडळाने घेतले. चित्रीकरण एक दिवस, संकलन तीन, कॅमेऱ्याचे अडीच हजार, मदतनिसाचे दीड हजार, एकूण सोळा हजार. दहा टक्क्यांसह १७,६००. माझी रोजची मजुरी होती तीच राहिली.

मग चालीविषयी विचारले, कारण भक्तिगीत अनेकदा सिनेमाच्या चालीवर बांधलेले असते. तसे असेल तर यूट्यूबवर मूळ हक्कदार दावा लावू शकतो, जाहिरातीचे उत्पन्न त्याच्याकडे वळू शकते आणि मंडळाची पट्टी वाया गेल्यासारखी होते. चाल गायकाची स्वतःची होती. हक्कांचेही लिहून घेतले. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर, पैसे देऊन करवून घेतलेल्या चित्रफितीचा पहिला मालक ती करवून घेणाराच असतो. म्हणून तयार व्हिडिओ मंडळाचा, पण न वापरलेले चित्रण माझ्याकडे राहील आणि कामाचा नमुना म्हणून व्हिडिओ दाखवण्याची मला मुभा असेल, अशी ओळ घातली. निम्मे पैसे तारीख ठरताना आणि निम्मे अंतिम फाइल देण्याआधी घ्यायचे ठरले.

मला सर्वांत महत्त्वाचे वाटत होते ते बदलांचे कलम. मंडळात जितकी माणसे तितकी मते, आणि प्रत्येकाला आपला चेहरा थोडा जास्त वेळ दिसावा असे वाटणारच. त्यात वाईट काही नाही. पण त्याला मर्यादा नसेल तर तीन दिवसांच्या संकलनाचे दहा दिवस होतात आणि तीन हजारांची मजुरी नऊशेवर येते. म्हणून बदल दोन वेळा, तेही सर्वांच्या वतीने आजोबा सांगतील. त्यापुढे अर्ध्या दिवसाचे दीड हजार.

व्हिडिओ यात्रेच्या बराच आधी तयार झाला. दोन्ही वेळचे बदल संपल्यानंतर पुतण्याचा फोन आला, सासनकाठी घेतलेल्या मुलांचे दृश्य थोडे वाढवता येईल का म्हणून. मी काही बोलण्याआधी तोच म्हणाला, “आजोबांनी दीड हजार पाठवायला सांगितलंय,” आणि त्या संध्याकाळीच पैसे जमा झाले.