गेट सर

आमच्या वेळी शाळेत इंग्रजी पाचवीपासून होतं. पण एक इंग्रजी वाक्य त्याच्या कितीतरी आधीपासून आम्हाला पक्कं येत होतं. 'गेट आऊट'. त्याचा अर्थ कुणी शिकवावा लागला नाही. गुरुजींचं बोट दाराकडे वळलं की अर्थ आपोआप लागायचा.

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी आठवण लिहा असा निरोप आला, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आधी शाळेचं फाटक आलं आणि फाटकात मनगटावरचं घड्याळ बघत उभे असलेले इंग्रजीचे सर. प्रार्थना सुरू झाली की फाटक बंद. उशिरा आलेल्यांनी बाहेर उन्हात थांबायचं. त्यांना आम्ही पाठीमागे 'गेट सर' म्हणायचो. एकदा मुताऱ्यांच्या भिंतीवर कुणीतरी कोळशानं ते नाव लिहिलं. सर आठवीच्या वर्गात आले ते थेट विचारतच, "गेट म्हणजे कोणता रे? फाटकाचा की क्रियापदाचा?" वर्ग चिडीचूप. मग म्हणाले, "फाटकाचा ए लांब, क्रियापदाचा आखूड. देवनागरीत दोघांना एकच मात्रा, म्हणून लिहिणारा वाचला." मार कुणालाच बसला नाही. मला वाटतं, नाव त्यांना आवडलं असावं.

क्रियापदाचा गेट त्यांच्या मागे लागला तो आमच्यामुळेच. 'माय डेली रूटीन' हा निबंध त्यांनी घरून लिहून आणायला सांगितला होता. माझी वही त्यांनी वर्गात मोठ्यानं वाचली. "आय गेट अप ॲट सिक्स. आय गेट टी. आय गेट बाथ. देन आय गेट रेडी अँड आय गेट स्कूल." पोरं फिदीफिदी हसायला लागली. सर मात्र गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "अरे, अंघोळ तुला काय पोस्टानं आली?" मग लाल पेन निघालं. चहा 'ड्रिंक' झाला, अंघोळ 'टेक'. शाळेच्या आधी 'टू' घातला. "घरी मात्र नुसतं गेट होम. घरी जायला टू लागत नाही," हे त्यांनी जाता जाता सांगितलं आणि ते माझ्या अजून लक्षात आहे. 'गेट अप' आणि 'गेट रेडी' तसेच ठेवले. खाली शेरा होता: 'ही दोन बरोबर आहेत, पण ते तुला माहीत नव्हतं.'

त्यानंतर पुढचा आठवडाभर फळ्यावर गेटचे भाऊबंद. डायजेस्टमध्ये ते एका ओळीत, मध्ये स्वल्पविराम देऊन छापलेले असत आणि आम्ही ते पाढ्यांसारखे घोकत असू. सरांना तेच नको होतं. 'रिसीव्ह' म्हणजे आपण काही न करता हातात येतं ते. पोस्टमन पत्र देतो, तसं. 'ऑब्टेन'ला खटपट लागते. "तुझ्या वडलांनी तलाठ्याकडे सातबाऱ्यासाठी किती हेलपाटे मारले?" सरांनी एकाला विचारलं. "चार, सर." "मग ते ऑब्टेन." 'अर्न' म्हणजे घाम गाळून. 'फेच' म्हणजे इथून जायचं, वस्तू घ्यायची आणि परत इथंच यायचं. 'ब्रिंग'मध्ये नुसतं येणं आहे. हे समजावताना त्यांनी मला खरोखरच ऑफिसातून खडू आणायला पिटाळलं. मी दारातून आत आलो तेव्हा सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "फेच!" 'अक्वायर' सांगताना मात्र सर जरा थांबले. मागच्या बाकावरच्या एका मुलाचं रान कालव्यात गेलं होतं. तोच म्हणाला, "सर, आमची जमीन सरकारनं अक्वायर केली." सर म्हणाले, "बरोबर आहे." आणि पुढच्या शब्दावर गेले.

मग एका धीट पोरानं विचारलं, "सर, येका शब्दाला येवढं अर्थ कशाला? इंग्रजांकडं शब्द कमी हायत का?"

सरांनी फळा पुसला, मधोमध 'लागणे' लिहिलं आणि खडू त्याच्याच हातात दिला. "घे. सांगा रे ह्याला."

भूक लागते. ठेच लागते. आग लागते. गाडी लागते. डोळा लागतो. निकाल लागतो. नोकरी लागते. वेळ लागतो. आंबट लागतं. दम लागतो. मास्तर पाठीमागे लागतात. "ती माझी मावशी लागते!" खिडकीजवळून कुणीतरी. मग 'जावं लागतं' आणि 'रडू लागला' आले, तेव्हा सर म्हणाले, "हे दोन वेगळ्या रकान्यात लिही, हे सहायक." फळा भरला, तास संपला, तरी पोरं थांबेनात. खडू धरलेल्या त्या पोराचा हात दुखायला लागला होता. तेही त्यानं लिहिलं.

नोकरी लागल्यावर, म्हणजे भोसरीतल्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये चिकटल्यावर, सरांचे हे शब्द मला रोज भेटू लागले. तिथं कागदाची भाषा वेगळी आणि तोंडची वेगळी. इंडेंटवर, म्हणजे मालाच्या मागणीपत्रावर, 'काइंडली प्रोक्युअर', आणि तोच कागद माझ्या टेबलावर टाकताना साहेब म्हणायचे, "गेट इट टुडे." माल फाटकातून आत आला की जीआरएनवर, म्हणजे माल मिळाल्याच्या पावतीवर, 'रिसीव्ह्ड'चा शिक्का. वरून मंजुरी आली की 'अप्रूव्हल ऑब्टेन्ड', कारण तिच्यासाठी हेलपाटे झालेले असत. मंजुरी कधी 'रिसीव्ह्ड' लिहिलेली मी पाहिली नाही. वर्कशॉपमधला फिटर मात्र खिडकीत डोकं घालून एवढंच विचारायचा, "बेअरिंग घावलं का?" सगळ्या यादीत 'गेट'च्या सर्वांत जवळचा शब्द त्याचाच, असं माझं मत आहे.

फजितीही झाली. मुंबईच्या एका एजंटानं फोनवर सांगितलं, "आय विल गेट बॅक टू यू." सरांनी गेट अप, गेट इन, गेट ऑफ सगळे घोटून घेतले होते, हा राहिला होता. मी साहेबांना जाऊन सांगितलं की ते परत येतायत. साहेबांनी मीटिंग पुढं ढकलली, चहा सांगून ठेवला, वॉचमनला नाव दिलं. साडेपाचला त्या माणसाचा फोन आला. तो मुंबईतच होता. दुसऱ्यांदा एका अमेरिकन पत्रातल्या 'गॉटन'खाली मी लाल रेघ मारली आणि आपण परदेशी माणसाची चूक काढली म्हणून दिवसभर खुशीत होतो. पुढं कधीतरी जाडा कोश उघडला तेव्हा कळलं, की 'गॉटन' हे गेटचंच जुनं रूप अमेरिकेत टिकलं. इंग्लंडात ते जवळपास गेलं, पण 'फरगॉटन'मध्ये तिथंही राहिलंय. आणि गेट हा मुळात इंग्रजांच्या घरचा सुटा शब्दच नव्हे. त्यांच्याकडे तो फरगेटसारख्या जोडशब्दांत होता. सुटा आला तो उत्तरेकडून समुद्रावाटे आलेल्या नॉर्स लोकांच्या बोलीतून. पाहुणा आला आणि घरभर झाला. सरांना हे पत्रानं कळवायचं ठरवलं होतं, ते राहून गेलं.

गेल्या दिवाळीत त्यांच्या घरी गेलो. कान कमी झालेत. ओळख पटायला वेळ लागला. 'आय गेट बाथ' म्हटल्यावर मात्र लगेच पटली. गेटचं रूप वाईट कधीच नव्हतं, म्हणाले, तुम्ही पोरं ते आळसानं वापरत होता एवढंच. परीक्षेत मार्क जात होते म्हणून मी त्याच्यामागे लागलो. मी नॉर्स लोकांचं सांगितलं. त्यांनी दोनदा विचारून नीट ऐकून घेतलं आणि शेजारच्या डायरीत टिपून ठेवलं.

मग आतल्या खोलीकडे बघून त्यांनी नातीला हाक मारली. पोर पुण्याला इंग्रजी शाळेत आहे, सुट्टीला आली होती. "बाळ, फेच टू कप्स ऑफ टी."

ती दारात येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आजोबा, फेच कुत्र्याला म्हणतात!"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. हसू दाबत म्हणाले, "बरं बाई, गेट."